नदीकडे पाठ

६ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघून तू पत्र न फोडताच कपाटात टाकशील अशी भीती होती, म्हणून पत्ता शेजारच्या शिंपीणबाईंकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. आपल्या भांडणाचा विषय मी काढणार नाही. कारण वेगळंच आहे. आपला बाक कुणीतरी फिरवतंय.

‘आपला’ म्हटल्यावर तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. बरं, माझा बाक म्हण.

मी डेपोतून निवृत्त झाले हे तुला कुणीतरी कळवलं असेलच. इतकी वर्षं ट्रामच्या सीटा शिवल्या, गाद्या भरल्या, मोडलेल्या पाठी बसवल्या, आता स्वतः बसायचं ठरवलंय. रोज सकाळी थर्मास घेऊन शेवटच्या थांब्यावर उतरते, रुळांच्या वळणापलीकडच्या गवतावरून चालत जाते आणि झाडाखाली बसते. समोर नदी, पाठीमागे रूळ आणि त्यांच्यापलीकडे चार मजली घरांची रांग. जागा अगदी होती तशीच आहे. फक्त गेल्या वर्षी पाण्याच्या नळासाठी खणलं तेव्हा कामगारांनी बाकाचे बोल्ट काढले आणि ते परत लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे बाक आता नुसताच उभा आहे, मोकळा.

आणि रोज सकाळी मी जाते तेव्हा त्याचं तोंड घरांकडे असतं! नदी मागे, आणि समोर काय, तर वाळत घातलेले कपडे. मी एक टोक ओढते, मग दुसरं टोक ओढते, कंबर धरते, थोडं बसते, पुन्हा ओढते. बाक सरळ होईपर्यंत चहा कोमट झालेला असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्याला एवढी जड वस्तू रोज फिरवायची हौस आहे त्याला डोकं नसलं तरी ताकद बरीच असली पाहिजे.

बाक उलटा बघितला की मला तू आठवतेस, म्हणून हे लिहायला बसले. दुपारी बाबांचा डबा घेऊन आपण दोघी तिथं यायचो. ते चालवायचे ती ट्राम येईपर्यंत मी नदी बघत बसायचे. तू मात्र माझ्याकडे पाठ करून, पाय बाकाच्या मागच्या फटीतून बाहेर काढून, रस्त्याकडे तोंड करून बसायचीस. फुगलेली. पाणकोंबडी दाखवली तरी मान वळवायची नाहीस. आणि जरा माझा जीव रमला की बाही ओढायला सुरुवात, “चल, चल की!” तेव्हापासून तुझं आणि त्या जागेचं जमलं नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

असो. मी महापालिकेच्या बागखात्यात अर्ज दिलाय. बाक नदीकडे तोंड करून सिमेंटमध्ये पक्का बसवावा, म्हणजे उपद्रवी लोकांचा बंदोबस्त होईल. अर्ज वाचून तिथला कारकून म्हणाला, “बाई, तुम्ही वकील होता का?”

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती, असं लिहिणार होते, पण पोस्टमनला मी जिन्यात दोनदा अडवलंय हे शिंपीणबाई तुला सांगतीलच, म्हणून लिहीत नाही.

इकडे युद्ध जोरात आहे. मी तारेनं बाक झाडाला बांधला. दुसऱ्या दिवशी तार सोडून, नीट गुंडाळून, बाकावर ठेवलेली होती, आणि बाक घरांकडे. हा नीटनेटकेपणा मला फार लागला. तार तोडून फेकली असती तर मी समजू शकले असते.

मग मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, “कृपया बाक फिरवू नये. नदी बघायला येणाऱ्यांची गैरसोय होते.” आणि पुठ्ठा बाकाला अडकवला. सकाळी खाली बारीक अक्षरात उत्तर होतं, “नदी कुठं पळून चाललीय?”

तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच उभी राहून मी मोठ्यानं काहीतरी बोलले. कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन लांबून गेले.

तू म्हणशील, ताई, बाकासाठी एवढं? हो, एवढं. आई गेली त्या आठवड्यात घरात भांडीसुद्धा आवाज न करता ठेवली जात होती. मी तुला म्हटलं, चल, जरा बाकावर बसून येऊ, दोघींनाही बरं वाटेल. तू म्हणालीस, “मला ती जागा कधीच आवडली नाही. तुझ्याबरोबर तिथं जाणं म्हणजे शिक्षा होती. मला त्यात ओढू नकोस.” बघ, विषय काढणार नाही म्हटलं होतं आणि काढला. पण शब्द माझ्या मनात जसेच्या तसे आहेत, त्यांना मी काय करू? लहानपणाचा जो तुकडा मी सगळ्यात जपून ठेवला होता, तोच तू टाकून दिलास. ट्राम निघून गेल्यावर तिथं जी शांतता होते ती मला दुसरीकडे कुठं मिळालेली नाही. डेपोत इतकी वर्षं डोक्याशी हातोडे चालले, ते त्या शांततेच्या भरवशावर सहन केले.

आता तीही कुणीतरी उलटी करून ठेवतंय. उद्यापासून मी दुपारीही जाणार आहे. चोर पकडल्याशिवाय राहायची नाही.

ताई


२ मार्च

धाकटे,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. “बाकाचं काय झालं ते कळव.” बस, एवढंच. ना प्रिय, ना सही. तरी मी ते शिंपीणबाईंना दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, आणि आता आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय. आभारी आहे. खरंच.

तर ऐक. चोर पकडला.

दुपारी जेवणवेळेनंतर गेले. झाडामागून बघते तर बाकावर एक बाई, तुझ्याच वयाची असेल, केस कसेतरी बांधलेले, पायात घरातल्या सपाता. एका हातात सफरचंद. दुसरा हात मधूनमधून वर करायची, माश्या हाकलल्यासारखा, आणि पुन्हा खायला लागायची. तोंड अर्थातच घरांकडे. मी पदर खोचून, वाक्य जुळवून पुढे गेले. “आपणच का त्या, ज्या रोज...”

“बसा ना,” ती म्हणाली. “पण जरा या बाजूनं. मधे येऊ नका, आईला मी दिसले पाहिजे.”

मी जुळवलेलं वाक्य तिथंच राहिलं. तिनं हनुवटीनं समोर दाखवलं. दुसऱ्या मजल्यावर, निळ्या पडद्याच्या खिडकीत, एक म्हातारी बाई बसली होती. ही हात वर करायची, की वरून तीही करायची.

आईचं आता काही लक्षात राहत नाही, ती सांगत होती, सफरचंद खाताखाताच. मुलगी नजरेआड झाली की तिला वाटतं आपल्याला परक्या घरात कोंडून ठेवलंय, मग ती दार बडवते, रडते, शेजारी गोळा होतात. फक्त खिडकीतून मुलीचा चेहरा दिसत राहिला तर शांत असते. पाठ दिसून चालत नाही. पाठ कुणाचीही असू शकते. नळाचं खणकाम झालं आणि बाक मोकळा झाल्याचं हिच्या लक्षात आलं, तेव्हापासून तिला दुपारी अर्धा तास घराबाहेर, मोकळ्या हवेत बसता येतं.

“त्याच्या आधी?” मी विचारलं.

“त्याच्या आधी नाही.”

“मग उभं राहायचं इथं. नाहीतर गवतावर बसायचं.”

“उभंच तर असते हो दिवसभर. आणि गवतावर बसले की रुळांच्या कठड्यामागे जाते, वरून दिसत नाही. सगळं करून बघितलंय मी.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “तो पुठ्ठा तुमचा का? मी फार उद्धटपणे लिहिलं. त्या दिवशी रात्रभर आईनं झोपू दिलं नव्हतं.”

मी म्हटलं, “छे, छे, माझा नाही.” का म्हटलं देव जाणे. तिनं माझ्या हातातल्या थर्मासकडे बघितलं आणि हसली. म्हणाली, “आईनं तुमचं नाव पाठमोरी ठेवलंय. सकाळी तुम्ही आलात की ती मला हाक मारते, पाठमोरी आली गं. मग तिचा चहा होतो. तुम्ही आला नाहीत त्या दिवशी चहा घेत नाही.”

धाकटे, मला आजवर पुष्कळ नावं ठेवली गेली. डेपोत माझ्या मागे मला सुई म्हणायचे. पण माझ्या पाठीवर कुणाचा चहा अवलंबून असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी थर्मास उघडला आणि तिला अर्धा कप दिला. आम्ही दोघी त्या कपड्यांच्या दोऱ्या बघत बसलो. मी पण एकदा हात वर केला. वरून उत्तर आलं नाही. माझा चेहरा त्यांच्या ओळखीचा नाही ना.

ताई


११ मार्च

धाकटे,

घोटाळा झालाय. बागखात्याचं पत्र आलं: आपल्या अर्जानुसार बाक येत्या गुरुवारी नदीच्या दिशेनं सिमेंटमध्ये कायमचा बसवण्यात येईल. इतक्या वर्षांत त्या खात्यानं कुणाचं काही ऐकलं नाही, नळ्या गळत राहिल्या, दिवे बंद पडले, आणि माझा अर्ज मात्र लगेच मंजूर! वकिली नडली.

मी धावत तिथं गेले. कारकून म्हणाला, “तक्रार तुमचीच ना? मग आता काय तक्रार?” अर्ज मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागेल, आणि मग बाक धोकादायक म्हणून उचलून नेतील, कारण मोकळा बाक ठेवणं नियमात बसत नाही. म्हणजे सिमेंट तरी, नाहीतर बाकच नाही. घरांकडे तोंड करून बसवा म्हटलं असतं तर त्यांनी बसवलाही असता. ते शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण धाकटे, मला ते म्हणवलं नाही. तू हस किंवा चिडव, नदी सोडायची म्हटल्यावर मी “विचार करून सांगते” म्हणून बाहेर पडले.

खिडकीवालीला (माझ्या मनात तिचं हेच नाव पडलंय) तोंड दाखवायची लाज वाटत होती. पण सांगितलं. सगळं, पुठ्ठ्यासकट. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, “बरं. अर्धा तास मिळाला होता, तो मिळाला,” आणि वर हात केला.

मग म्हणाली, “वर येता का? आई तुम्हाला कधी भेटलीच नाही.”

मी वर गेले. लहानशी खोली, कोपऱ्यात शिवणयंत्र, पलंगावर घड्या घातलेले कपडे, सगळ्या फडताळांना दोऱ्या बांधलेल्या, आईंनी उघडू नये म्हणून. आईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि परक्या माणसाला विचारतात तसं विचारलं, “आपण कोण?” मुलगी म्हणाली, “आई, ही पाठमोरी.” आईंची मान ‘नाही’ अशीच हलत राहिली. नाहीच. शेवटी मला एक सुचलं. मी त्यांच्याकडे पाठ करून, खांदे जरा पाडून, खिडकीसमोर स्टुलावर बसले. मागून आवाज आला, “आलीस होय! आज उशीर केलास.” आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले. वळले असते तर त्यांना पुन्हा परकी झाले असते, म्हणून तशीच बसून राहिले.

आणि बसल्या बसल्या खिडकीतून बघितलं. धाकटे, तिथून नदीचं सगळं वळण दिसतं! बाकावरून आपल्याला जे दिसतं तो तिचा एक तुकडा आहे. पलीकडचा बंधारा, बगळ्यांचं बेट, सगळं त्या खिडकीत आहे. बाक तेवढा काडेपेटीसारखा, मधोमध. मी इतकी वर्षं तिथली मालकीण असल्यासारखी बसत होते आणि माझी जागा ही दुसऱ्या कुणाच्या देखाव्यातली एक काडेपेटी होती.

खाली आल्यावर बाकावर घरांकडे तोंड करून एकटीच बसले. वळणावरून ट्राम आली, थांबली, आतून सीटच्या पाठी फिरवल्याचा खटाखट आवाज आला, पुन्हा निघाली. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तू हेच बघत होतीस. येणाऱ्या आणि जाणाऱ्या ट्राम. तुला इथून जायचं होतं, नाही का? तेवढ्या वयापासून. मी तुला पाणकोंबड्या दाखवत होते आणि तू मनात तिकीट काढत होतीस. नंतर तू नर्सिंगला लांब गेलीस, तिकडेच राहिलीस, तेव्हा मी जे बोलले ते बोलले. आज मला वाटतं, मला तुझी बाजू कळली. उशिरा का होईना. तू फुगलेली नव्हतीस, निघालेली होतीस.

हे मी मोठ्या मनानं लिहिते आहे, तेव्हा थोडं कौतुक कर.

गुरुवारचं काय करू ते सुचत नाही.

ताई


१६ मार्च

धाकटे,

जीव भांड्यात पडला! सांगते.

मागचं पत्र टाकून मी पुन्हा बाकावर येऊन बसले. ट्राम आली, पुन्हा तो खटाखट आवाज. आणि मी ताडकन उठले. अगं, ज्या बाईनं अख्खी नोकरी ट्रामच्या फिरत्या पाठी दुरुस्त करण्यात घालवली, ती बाकासमोर डोकं धरून बसलीय! शेवटच्या थांब्यावर ट्राम वळत नाही, नुसती उलट्या दिशेनं निघते, म्हणून कंडक्टर सीटची पाठ या बाजूची त्या बाजूला करतो. सीट जागेवरच राहते. पाठ तेवढी जाते. बाकाला सिमेंट लावा की हवं तेवढं. पाठ फिरती असली म्हणजे झालं.

तशीच डेपोत गेले. आमचा जुना फिटर, ज्याला आम्ही स्प्रिंग म्हणायचो, तो अजून आहे. मी भंगारातल्या सीटचे लोखंडी हात मागितले तर म्हणाला, “सुई, तू गेलीस म्हणून आम्ही पेढे... म्हणजे वाईट वाटलं होतं, आणि तू परत?” पण जेवण सोडून उठला. दोघांनी भंगारात हात काळे करून एक चांगली जोडी काढली, गंज घासला, वंगण घातलं. फळ्या मी घासल्या, कडा गोल केल्या, म्हणजे म्हाताऱ्या पाठीला लागू नयेत.

गुरुवारी बागखात्याचे साहेब टेप आणि दोन कामगार घेऊन आले. मी नदीकडे तोंड करून बसवा म्हटलं. त्यांनी बसवला. पाय लगेच धरणाऱ्या सिमेंटमध्ये गेले. मग मी आणि स्प्रिंगनं जुनी पाठ काढून आपली बसवली. साहेब म्हणाले, “अहो, हे काय? असा बाक कुठल्याच बागेत नाही.”

“आता आहे,” मी म्हटलं. “फिरवून तर बघा.”

त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग पाठ धरून पलीकडे ढकलली. खट. पुन्हा अलीकडे. खट. मग बसून बघितलं, उठून फिरवली, पुन्हा बसले. कामगार तोंड फिरवून हसत होते. चौथ्या की पाचव्या वेळेला साहेब म्हणाले, “अर्जात दिशा नदीची लिहिली आहे. पाय नदीकडेच आहेत. पाठीचं काही लिहिलेलं नाही.” आणि सही करून गेले. देव त्यांचं भलं करो, मी त्यांच्या खात्याबद्दल बोलले ते सगळं परत घेते.

खिडकीवाली आली, तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. सिमेंट बघून तिचा चेहरा पडला. मी नुसती पाठ पलीकडे केली, खट, आणि म्हटलं, “बसा.” ती बसली. वर बघितलं. हात वर केला. मग माझा हात धरून ठेवला. खिडकीतून आई हात हलवत होत्या, स्प्रिंगसुद्धा हात हलवत होता, त्याला कशासाठी ते माहीत नसताना.

आता सकाळ माझी, दुपार तिची. काल सकाळी आई उशिरापर्यंत झोपलेल्या होत्या, पडदा ओढलेला होता, तर ही तेव्हाच खाली आली आणि पहिल्यांदा नदीकडे तोंड करून बसली. म्हणाली, “पाणी इतकं जवळ आहे होय? मला आवाज यायचा, वाटायचं झाडाचा आहे.” मी तिला पाणकोंबडी दाखवली. तिनं मान वळवली! लगेच! तुझ्यासारखी नाही.

चेष्टा करते गं. आज मी फार खुशीत आहे, आणि ही खुशी सांगायला मला तूच आठवतेस.

ताई


३ एप्रिल

माझ्या धाकटे,

तुझं पत्र आलं. चार पानं. मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग बाकावर नेऊन वाचलं. त्यातलं हे इथे पुन्हा उतरवते, कारण माझ्या हातानं लिहिल्याशिवाय ते माझ्या डोक्यात शिरायचं नाही:

“ताई, तू पुन्हा चुकलीस. मला कुठेही जायचं नव्हतं. मी बाबांची ट्राम बघत होते. तुला आठवत नसेल, एकदा आपली चुकामूक झाली आणि बाबा डब्याशिवाय गेले. तू पाणकोंबडीची पिल्लं मोजत होतीस. संध्याकाळी ते घरी आले, कुणाला काही बोलले नाहीत, पण जिना चढताना कठडा धरून उभे राहिलेले मी बघितले. आईनं मला जवळ घेऊन सांगितलं, ‘तुझी ताई नदी बघत बसते, तू तरी लक्ष ठेवत जा.’ मला तेव्हा आकडेसुद्धा नीट वाचता येत नव्हते. बाबा वळणावर टोपी मागे सारायचे, त्यावरून मी ओळखायचे. ट्राम थांबली की कंडक्टर सीटच्या पाठी फिरवायचा, तो आवाज संपला की ट्राम निघायची. तेवढ्यात तुला उठवायचं, रूळ ओलांडायचे, डबा द्यायचा. म्हणून बाही ओढायचे. मी फुगून नाही बसले, घाबरून बसायचे. तुला ती जागा आवडली, कारण तुला तिथं काही काम नव्हतं. नदी तिथून कशी दिसते हे मला खरंच माहीत नाही. त्या बाजूला मी कधी बसलेच नाही. आई गेली तेव्हा हे सांगायला तोंड उघडलं, आणि जे बाहेर पडलं ते तसं पडलं. तुझ्या खिडकीवालीबद्दल वाचलं आणि वाटलं, हिच्याबद्दल ताईला कळलं, तर माझंही कळेल. म्हणून लिहिलं.”

काय लिहू? इतकी मोठी पत्रं लिहिणारी मी, कालपासून कागद पुढे घेऊन बसलेय.

बाबा म्हणायचे, माझा डबा कधी चुकत नाही, माझ्या थोरलीचं काम चोख असतं. शेजाऱ्यांना सांगायचे. मी मान ताठ करून ऐकायचे, आणि तू शेजारी उभी असायचीस. तू एकदाही म्हणाली नाहीस की काम तुझं होतं. नदीबद्दल मी आयुष्यभर जे काही बोलत आले, ती शांतता, ते पाणी, तो भरवसा, ते सगळं तुझ्यामुळे मला मिळालं. पाठीमागे तू बसली होतीस म्हणून मला पुढे बघता आलं. आणि मागच्या महिन्यात मी तुला मोठ्या मनानं माफ करायला निघाले होते! कौतुक कर म्हणे.

धाकटे, तुझे उपकार आहेत माझ्यावर. हे शब्द मी बहिणीला कधी लिहीन असं वाटलं नव्हतं, पण लिहून फार बरं वाटलं. खिडकीवालीला तुझं पत्र वाचून दाखवलं. तुला चालेल का हे न विचारताच, माझी सवय. ती रडली आणि म्हणाली, “तुमच्या बहिणीला सांगा, कुणी विचारलंच नाही तर सांगता येत नाही.” मग वर बघून हात केला. आईंचा चहा रोज होतो आहे.

तू लिहिलंस की मेमध्ये सुट्टी मिळेल, पण बाकावर यायचं की नाही ते बघू. बघू नको, ये. दुपारच्या ट्रामनं ये. त्या दिवशी मी बाकाची पाठ फिरवून ठेवणार आहे, नदीकडे पाठ करून बसणार आहे आणि वळणावर डोळे लावून राहणार आहे. तुझी ट्राम दिसली की मीच रूळ ओलांडून येईन, तुझी पिशवी घेईन. मग बाकावर आलो की तू तुझ्या हातानं पाठ पलीकडे कर. जोरात कर, जरा घट्ट बसते.

त्यानंतर कुणाची ट्राम आली, कोण उतरलं, कोणाला हात करायचा, ते सगळं मी मान वळवून बघत जाईन. तू निवांत नदी बघ.

तुझी,
ताई